पाया एकाचा, कळस दुसऱ्याचा : कुस्कोतील वसाहतकालीन वास्तू

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात, अँडीज पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर कुस्को हे नगर वसलेले आहे. पंधराव्या शतकात आणि सोळाव्या शतकाच्या प्रारंभी ते इंका साम्राज्याची राजधानी होते. १५३३ नंतर जवळजवळ तीन शतके ते स्पॅनिश सत्तेखाली राहिले. १९८३ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळांत त्याची गणना केली. येथे येणारा प्रवासी बहुधा मोठ्या चौकातून आपल्या भ्रमंतीस प्रारंभ करतो. तांबड्या कौलांची छपरे, कोरीव लाकडी सज्जे, कमानदार पडव्या आणि दोन भव्य चर्चे पाहून स्पेनमधील एखादे जुने शहर उचलून पर्वतात आणून ठेवले असावे, असा भास होतो. पण तोच प्रवासी गल्लीबोळांतून चालू लागला आणि त्याची नजर छपरांवरून खाली उतरली, म्हणजे त्याला निराळेच काही दिसू लागते. पांढऱ्या गिलाव्याची भिंत जमिनीपासून काही उंचीवर एकाएकी थांबते आणि तिच्याखाली काळसर, घडीव, चुन्याशिवाय एकमेकांत घट्ट बसवलेल्या दगडांची भिंत सुरू होते. वरचे बांधकाम स्पॅनिश काळातील, खालचे इंकांचे.

अशा वास्तूला कोणाची वास्तू म्हणावे, हा प्रश्न केवळ स्थापत्याच्या इतिहासकाराचा नाही. वसाहतीच्या अनुभवातून गेलेल्या प्रत्येक समाजाच्या साहित्यात तो वेगळ्या रूपाने उभा राहतो. कुस्कोपुरते त्याचे दोन रूढ उत्तर आहेत. पहिले विजेत्याचे : जुने मोडले, नवे उभारले, आणि उभारणाऱ्याचे नाव वास्तूला मिळाले. दुसरे उत्तर विसाव्या शतकात अधिक प्रिय झाले : ही दोन संस्कृतींच्या संगमाची वास्तू आहे. हे दुसरे उत्तर ऐकावयास गोड वाटते. परंतु संगमात दोन्ही नद्या स्वतःहून येऊन मिळतात. कुस्कोच्या भिंतींत जे घडले ते तसे घडले नाही. म्हणून या वास्तू एखाद्या जुन्या हस्तलिखितासारख्या, ओळीखालची ओळ तपासत वाचाव्या लागतात.

मोठ्या चौकाचेच उदाहरण घ्यावे. इंकांच्या काळी त्याचे नाव हौकायपाता असे होते. आजच्यापेक्षा तो पुष्कळ विस्तीर्ण होता आणि साम्राज्याचे सण, विजयोत्सव, दिवंगत राजांच्या ममींचे दर्शन हे सर्व तेथे होत असे. दूरच्या समुद्रकिनाऱ्यावरून आणलेली वाळू त्या चौकात पसरलेली होती आणि ती पवित्र मानली जाई. कुस्कोचा स्पॅनिश न्यायाधिकारी पोलो दे ओंदेगार्दो याने १५५० च्या दशकाच्या अखेरीस ती वाळू काढविली. स्थानिक लोकांच्या मनात तिच्याविषयी असलेला पूज्यभाव नष्ट व्हावा, हा त्यामागील हेतू त्यानेच नोंदवून ठेवला आहे. काढलेली वाळू मात्र वाया गेली नाही. ती नव्या कॅथीड्रलच्या बांधकामासाठी वापरण्यात आली. ज्या द्रव्याची पूजा मोडावयाची, तेच द्रव्य नव्या देवालयाच्या चुन्यात मिसळले गेले. कुस्कोतील वसाहतकालीन स्थापत्याची रीत या एका प्रसंगात सामावलेली आहे.

दगडांचीही तीच कथा. नगराच्या माथ्यावर साक्सायवामान हा प्रचंड तटबंदीचा परिसर आहे. १५३६ साली मांको इंकाने स्पॅनिशांविरुद्ध उठाव करून कुस्कोला वेढा घातला, तेव्हा निर्णायक लढाई येथेच झाली आणि फ्रान्सिस्को पिसारोचा भाऊ हुआन पिसारो तीत मारला गेला. वेढा उठल्यानंतर विजेत्यांनी या तटबंदीला खाणीसारखे वापरले. तिचे घडीव दगड खाली वाहून आणून त्यांतून घरे व चर्चे बांधली गेली. जे दगड तेथे आजही उभे आहेत ते केवळ हलविता येण्यासारखे नव्हते म्हणून. त्यांतील काहींचे वजन १०० टनांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. पायातील भिंती राखल्या गेल्या त्या आदरापोटी, असे मानण्यास म्हणूनच फारसा आधार नाही. त्या मजबूत होत्या आणि आयत्या मिळाल्या, एवढे कारण पुरेसे होते.

कॅथीड्रलचे काम १५६० च्या सुमारास सुरू झाले आणि पुढील शतकाच्या मध्यापर्यंत चालले. ते बांधणारे हात बव्हंशी स्थानिकांचे होते. मीता नावाची पाळीने श्रम करण्याची जी पद्धत इंकांनी रूढ केली होती, तीच स्पॅनिशांनी आपल्या सोयीने राबविली. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. खालचा घडीव पायाही कोणा निरागस ग्रामसमाजाने उभारलेला नव्हता. तोही एका साम्राज्याने, जिंकलेल्या जमातींच्या श्रमातून उभारलेला होता. १५३६ च्या लढ्यात कान्यारीसारख्या जमाती स्पॅनिशांच्या बाजूने लढल्या, त्याचे मूळ याच जुन्या वैरात होते. तेव्हा पायाला सोज्ज्वळ आणि कळसाला दुष्ट ठरवून प्रश्न सुटत नाही. मात्र त्यामुळे जित आणि जेते यांचा हिशेब समसमान होतो, असेही नाही.

कॅथीड्रलला लागून एल त्रिउन्फो, म्हणजे 'विजय', या नावाचे लहानसे चर्च आहे. १५३६ च्या वेढ्यात जळत्या नगरात स्पॅनिशांनी ज्या इंका वास्तूत आश्रय घेतला, तिच्या जागी ते उभे आहे. कुमारी मेरीने आग विझविली आणि संत सांतियागो पांढऱ्या घोड्यावरून लढण्यास अवतरला, अशी आख्यायिका त्या विजयाभोवती रचली गेली. स्पेनमध्ये हा संत घोड्याच्या टापांखाली मूर सैनिकाला तुडविताना दाखवीत. पेरूमध्ये त्या मूराच्या जागी इंका योद्धा आला. परंतु प्रतिमा एकदा लोकांच्या हाती गेली की ती रचणाऱ्याच्या आज्ञेत राहत नाही. गडगडाटासह आलेल्या या घोडेस्वारात अँडीजमधील लोकांनी आपला मेघगर्जनेचा देव इयापा पाहिला आणि जेत्यांचा संत आपल्या पूजेत सामावून घेतला. चर्चच्या अधिकाऱ्यांना याची जाणीव होती, तिचा त्यांना उपद्रवही वाटे. पण ज्या मूर्तीची पूजा करण्यास आपणच सांगितले, ती करणाऱ्यांना दोषी ठरविणे सोपे नव्हते.

चित्रकलेत हा व्यवहार अधिक सूक्ष्म होत गेला. सतराव्या शतकात कुस्कोमध्ये स्थानिक चित्रकारांची एक समर्थ परंपरा निर्माण झाली. दिएगो किस्पे तितो आणि बासिलिओ सांता क्रूस पुमाकायाओ ही तिच्यातील ठळक नावे. १६७३ ते १६९९ या काळात बिशप असलेल्या मानुएल दे मोयिनेदोने तिला उदार आश्रय दिला. १६८८ मध्ये स्थानिक चित्रकार स्पॅनिश चित्रकारांच्या संघातून वेगळे झाले, आणि त्यानंतर या शैलीने युरोपीय नमुन्यांचा धाक आणखी झुगारला. अठराव्या शतकातील मार्कोस सापाता याने कॅथीड्रलसाठी काढलेले 'अंतिम भोजन' हे चित्र प्रवाशांना हमखास दाखविले जाते. येशू आणि त्याच्या शिष्यांपुढील मुख्य ताटात भाजलेला कुई, म्हणजे अँडीजच्या स्वयंपाकघरातील गिनीपिग, ठेवलेला आहे. प्रवासी हसतात आणि पुढे जातात. वस्तुतः त्यात गंमत थोडी आणि भाष्य अधिक आहे. पवित्र भोजन म्हणजे सणाचे भोजन, आणि या पर्वतात सणाला कुई शिजतो. मग देवाच्या पंक्तीला दुसरे काय असणार? सापाताने धर्मकथा नाकारली नाही, तिचे स्थळ बदलले.

सर्वच चित्रांविषयी असे समाधान बाळगता येत नाही. चौकाच्या दुसऱ्या बाजूस, इंका राजा वायना कापाक याच्या वाड्याच्या जागी, जेझुइटांचे ला कोम्पान्यिया हे चर्च आहे. १६५० च्या भूकंपात पहिली इमारत पडल्यानंतर ते नव्याने बांधले गेले. त्याच्या प्रवेशद्वाराजवळ एका विवाहाचे मोठे चित्र आहे. वर मार्तिन गार्सिया दे लोयोला, म्हणजे जेझुइट पंथाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्या घराण्यातील पुरुष. वधू बेआत्रिस, म्हणजे इंका सायरी तुपाक याची कन्या. दोन्हीकडील मंडळी उंची वस्त्रांत, शांत मुद्रेने उभी आहेत. दोन राजवंशांचे मीलन आणि मध्यभागी संतांचे आशीर्वाद. जे चित्रात नाही ते चर्चच्या दाराबाहेर घडलेले आहे. याच मार्तिनने विल्काबाम्बाच्या अरण्यातून वधूचा चुलता तुपाक आमारू याला कैद करून आणले आणि सप्टेंबर १५७२ मध्ये व्हाइसरॉय तोलेदोच्या आज्ञेने त्या अखेरच्या इंकाचा याच चौकात शिरच्छेद झाला. वधू ही त्या कामगिरीच्या बक्षिसाचा भाग होती. 'संगम' हा शब्द वापरण्यापूर्वी अभ्यासकाने या चित्रापुढे थोडा वेळ उभे राहावे.

येथून थोड्याच अंतरावर सांतो दोमिंगोचा मठ आहे. इंकांचे सर्वांत पवित्र सूर्यमंदिर कोरिकांचा येथे होते. आताहुआल्पाच्या खंडणीसाठी १५३३ मध्ये त्याच्या भिंतींवरील सोन्याचे पत्रे उचकटून नेण्यात आले. पुढे ही जागा हुआन पिसारोच्या वाट्यास आली आणि त्याच्याकडून डोमिनिकन पंथाकडे गेली. मंदिराची गोलाईदार भिंत आज चर्चच्या पश्चिम टोकाखाली, जणू त्याला तळहातावर धरून, उभी आहे. ३१ मार्च १६५० च्या भूकंपाने कुस्को उद्ध्वस्त केले. कॅथीड्रलमधील क्रुसावरील ख्रिस्ताची मूर्ती चौकात आणल्यावर धक्के शमले, अशी श्रद्धा रूढ झाली आणि 'भूकंपांचा स्वामी' म्हणून ती मूर्ती नगराची दैवत बनली. मेणबत्त्यांच्या धुराने ती काळवंडली आहे, आणि ईस्टरपूर्व सोमवारच्या मिरवणुकीत तिच्यावर न्युक्चू नावाची रक्तवर्णी रानफुले उधळली जातात.

२१ मे १९५० रोजी पुन्हा मोठा भूकंप झाला. सांतो दोमिंगोचा बराच भाग कोसळला आणि त्यामागे दडलेली इंकांची दालने उघडी पडली. मग वाद सुरू झाला. मठ पूर्ववत बांधावा, की निसर्गानेच बाजूस सारलेले आवरण पुरते हटवून सूर्यमंदिर प्रकाशात आणावे? युनेस्कोने कला-इतिहासकार जॉर्ज कुब्लर यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या मंडळाने नगराच्या पुनर्रचनेचा अहवाल तयार केला. अखेर जे झाले ती तडजोड होती : चर्च राहिले, आणि मठाच्या कमानींच्या आत इंका दालने मोकळी ठेवण्यात आली. ही तडजोड दोन्ही पक्षांना अपुरी वाटली, आणि ते स्वाभाविक होते. तरीही मठ पाडला असता तर चार शतकांतील अपहाराचा पुरावाच नाहीसा झाला असता; आणि दालने पुन्हा झाकली असती तर अपहार दुसऱ्यांदा घडला असता. आज प्रवासी एकाच अंगणात उभा राहून कमानही पाहतो आणि किंचित आत कललेली, समलंब चौकोनी कोनाड्यांची भिंतही पाहतो. तडजोड अवघडलेली आहे. इतिहासही तसाच होता.

स्थापत्याच्या या वाचनास भाषेची जोड दिल्यावाचून ते पुरे होत नाही. कुस्कोच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर आंदावायलियास या गावी एक लहान चर्च आहे. तेथील बाप्तिस्मागृहाच्या दारावर बाप्तिस्म्याचे सूत्र लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि पुकिना या पाच भाषांत रंगविलेले आहे. या चर्चचे धर्मगुरू हुआन पेरेस बोकानेग्रा यांनी १६३१ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मविधीच्या ग्रंथात केचुआ भाषेतील एक मेरीस्तोत्र चार स्वरांच्या रचनेसह छापले आहे. मराठी वाचकाला येथे एक समांतर घटना आठवेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे अँडीजमधील केचुआ स्तोत्र आणि गोव्यातील मराठी ओवी या दोन्ही एकाच मुकुटाच्या छायेत नव्या धर्माच्या कामी आल्या. देवालयांच्या पायांवर चर्चे उभी राहावीत, तशीच जुन्या छंदांच्या पायावर नवी कथा उभी राहिली. पण भाषेला दगडाइतके निमूट राहता येत नाही. तिच्या शब्दांतील जुने अर्थ नव्या मजकुरातही बोलत राहतात.

याच काळात उलट दिशेने एक ग्रंथ लिहिला गेला, आणि तो कुस्कोच्या पुत्राने लिहिला. इंका गार्सिलासो दे ला वेगा याचा जन्म १२ एप्रिल १५३९ रोजी कुस्कोत झाला. वडील स्पॅनिश कप्तान, आई इंका राजघराण्यातील चिम्पू ओक्लो. वडिलांनी पुढे एका स्पॅनिश स्त्रीशी विवाह केला आणि आईला दूर व्हावे लागले. १५६० मध्ये, विशीत असताना, गार्सिलासो स्पेनला निघाला. निघण्यापूर्वी पोलो दे ओंदेगार्दोच्या घरी त्याने आपल्या मातृकुळातील राजा-राण्यांच्या ममी पाहिल्या आणि वायना कापाकच्या बोटाला स्पर्श केला, असे त्याने लिहून ठेवले आहे. तो पुन्हा कधीच कुस्कोला परतला नाही. वडिलांच्या सेवेबद्दल त्याने राजदरबारी केलेला अर्ज फेटाळला गेला. छापील इतिहासांत वडिलांवर बंडखोराला मदत केल्याचा ठपका आहे, असे कारण त्याला ऐकविण्यात आले. छापील शब्दाचे सामर्थ्य त्याला तेथे कळले. १६०९ मध्ये लिस्बन येथे त्याचा 'कोमेंतारिओस रेआलेस' हा ग्रंथ छापला गेला. आपण केवळ स्पॅनिश इतिहासकारांवर टीका-टिप्पणी करीत आहोत, असा विनम्र पवित्रा घेऊन त्याने जेत्यांच्या भाषेत इंकांचे संपूर्ण नगर पुन्हा उभारले : गल्ल्या, वाडे, मंदिरे, आणि साक्सायवामान पाडल्याबद्दलची खंतही. त्यात आदर्शीकरण आहे आणि इंकांच्या क्रौर्याकडे डोळेझाकही आहे, हे आधुनिक संशोधकांनी दाखविले आहे. तरी त्याच्या रचनेचे मर्म ढळत नाही. कुस्कोत इंका पायावर स्पॅनिश भिंती चढल्या. गार्सिलासोने स्पॅनिश गद्याच्या पायावर इंका नगर चढविले.

या दुसऱ्या बांधकामाची धास्ती सत्तेला वाटली, हे इतिहासात नमूद आहे. १७८० मध्ये होसे गाब्रिएल कोन्दोर्कान्की याने तुपाक आमारू हे पूर्वजाचे नाव धारण करून मोठा उठाव केला. १८ मे १७८१ रोजी त्याला, त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला आणि आप्तांना त्याच चौकात क्रूरपणे ठार करण्यात आले. शिक्षापत्राने इंकांचा पोशाख, त्यांची चित्रे आणि केचुआ भाषा यांवरही घाव घातला. १७८२ मध्ये राजाज्ञेने गार्सिलासोच्या ग्रंथाच्या प्रती गोळा करण्याचे फर्मान निघाले. पावणेदोन शतकांपूर्वीचे एक पुस्तक तोफेइतके धोकादायक ठरले. चर्चच्या पायातील दगड मात्र कोणी काढू शकले नाही. त्यांवर सत्तेचे स्वतःचे वजन होते.

विसाव्या शतकात होसे मारिया आर्गेदास यांच्या 'लोस रिओस प्रोफुंदोस' या १९५८ सालच्या कादंबरीचा प्रारंभ याच नगरात होतो. वडिलांबरोबर आलेला मुलगा इंका रोकाच्या वाड्याच्या भिंतीवरून हात फिरवितो आणि ती त्याला जिवंत, वाहती वाटते. कॅथीड्रलच्या मारिया आंगोला या घंटेचा नादही त्याला व्याकुळ करतो. मुलाच्या संवेदनेत दगड आणि घंटा दोन्ही एकाच दुःखाचे आहेत. १९७५ मध्ये पेरूने केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. शासनाचा कागद आणि शाळेतील वर्ग यांत अंतर राहिले. तरी ज्या भाषेला १७८१ च्या शिक्षापत्राने गुन्हेगार ठरविले होते, तिला राज्याने आपली म्हटले, याचे मोल कमी नाही.

इंका रोकाचा तो वाडा आता आर्चबिशपच्या प्रासादाचा पाया आहे. त्याच्या हातुनरुमियोक गल्लीतील भिंतीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे. त्यासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची सदैव गर्दी असते. प्रासादाच्या आत, धार्मिक कलेच्या संग्रहालयात, सतराव्या शतकातील कॉर्पस क्रिस्ती मिरवणुकीची चित्रमालिका आहे. तीत इंका वंशजांनी राजचिन्हांसह आपली प्रतिमा चितारून घेतली. ज्या चौकातून कधी राजांच्या ममी फिरत, तेथूनच आता संतांच्या मूर्ती निघतात. आजही त्या सणाला निरनिराळ्या पॅरिशमधून १५ मूर्ती खांद्यांवरून कॅथीड्रलमध्ये येतात. मिरवणूक कोणाची, याचे एकच उत्तर खांदा देणारेही देणार नाहीत.

वसाहतकालीन वास्तूंकडे पाहण्याची दृष्टी यातून घडावी. शिलालेखावरील नाव हे वास्तूचे एक नाव असते. ती कोणाच्या दगडांनी, कोणाच्या हातांनी आणि कोणत्या भयापोटी उभी राहिली, हे विचारले म्हणजे तिची दुसरी नावे उलगडू लागतात. ती सर्व परस्परांशी सलोख्याने नांदतीलच, अशी अपेक्षा मात्र करू नये. गार्सिलासोला एप्रिल १६१६ मध्ये कोर्दोबा येथे मृत्यू आला. मशिदीच्या स्तंभांच्या अरण्यात उभारलेल्या तेथील कॅथीड्रलमध्ये, स्वतः विकत घेतलेल्या प्रार्थनाकक्षात, त्याचे दफन झाले. १९७८ मध्ये त्याच्या अवशेषांचा काही भाग स्पेनच्या राजाने कुस्कोला परत दिला आणि तो एल त्रिउन्फोच्या तळघरात ठेवण्यात आला. आज त्याची रक्षा दोन देशांत विभागलेली आहे, आणि दोन्हीकडे ती अशा छपराखाली आहे, ज्याचा पाया दुसऱ्या कोणी घातला होता.